मिश्र अध्ययनासाठी शिक्षकाची सज्जता : पहिला घटक कसा आखावा

शाळेत प्रोजेक्टर बसवला गेला, वर्गाचा व्हॉट्सॲप गट तयार झाला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही हाती आले, तरी सोमवारच्या तासिकेला नेमके काय वेगळे करायचे हा प्रश्न अनेक शिक्षकांपुढे तसाच उभा राहतो. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत, हाताशी असलेल्या मोजक्या साधनांवर, ज्यांना मिश्र अध्ययनाची, म्हणजे ज्याला आपण बोलताना ब्लेंडेड लर्निंग म्हणतो त्या पद्धतीची सुरुवात करायची आहे, अशा शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उपकरणे आणि प्रमाणपत्रे यांवरून सज्जतेची मोजदाद होते खरी, परंतु माझ्या मते खरी सज्जता एकाच गोष्टीत दिसते. दिलेल्या घटकातील कोणता भाग विद्यार्थ्याने पडद्यावर स्वतःच्या गतीने करायचा, कोणता भाग वर्गात समोरासमोरच व्हायला हवा, आणि पहिल्या भागातून जे हाती आले त्यावरून दुसरा भाग कसा बदलायचा, हे शिक्षकाला ठरवता येते का?

सुरुवातीलाच एक कसोटी सांगतो. तासाच्या शेवटी पाच मिनिटे चित्रफीत दाखवली, तर ते मिश्र अध्ययन होत नाही. नियोजनातून डिजिटल भाग काढून टाकला आणि तरीही पुढची तासिका जशीच्या तशी घेता आली, तर दोन भाग एकमेकांत गुंफलेले नव्हते असे समजावे. विद्यार्थ्याने आदल्या दिवशी टॅबवर जे केले त्याच्याशिवाय आजची चर्चा सुरूच होऊ शकत नसेल, तर गुंफण साधली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ऑनलाइन आणि डिजिटल शिक्षणाच्या प्रकरणात मिश्र प्रतिमानांचा पुरस्कार केलेला आहे, आणि तेथेच प्रत्यक्ष वर्गातील शिक्षणाचे महत्त्वही मान्य केलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये उच्च शिक्षणासाठी मांडलेल्या आराखड्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेण्याचा विचार होता. ती टक्केवारी महाविद्यालयांसाठीची आहे. शाळेतील शिक्षकाने ती डोक्यात ठेवू नये, कारण शाळेत हे प्रमाण घटकागणिक आणि वर्गागणिक बदलणार आहे.

पुराव्याविषयीही स्पष्टता असलेली बरी. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांची कामगिरी केवळ प्रत्यक्ष वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरस आढळली, परंतु अशा वर्गांना बहुधा शिकण्यासाठी जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते, आणि म्हणून सगळे श्रेय माध्यमाला देता येणार नाही, असा इशारा त्याच अहवालात दिलेला आहे. शालेय वर्गांवरील अभ्यास तर त्यात फारच थोडे होते. मला हा इशारा मोलाचा वाटतो, कारण पडद्यामुळे शिकणे सुधारत नाही, सरावाला वेळ आणि अडखळलेल्या मुलाला शिक्षक मिळाल्याने सुधारते, या आपल्या रोजच्या अनुभवाशी तो जुळतो.

पहिली पायरी : स्वतःची पडताळणी

पुण्या मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये एक उपयुक्त मांडणी केली. शिक्षकाला विषयाचे ज्ञान लागते, अध्यापनाचे ज्ञान लागते आणि तंत्रज्ञानाचेही लागते, पण प्रत्यक्ष वर्गात कामी येते ते या तिन्हींच्या छेदातले ज्ञान, असा तिचा गाभा आहे. टॅब चालवता येणे वेगळे आणि समांतर जोडणी समजावण्यासाठी टॅबचा उपयोग नेमका कोठे होईल हे कळणे वेगळे.

म्हणून वहीत पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. मी निवडलेल्या घटकात मुले दरवर्षी नेमकी कोठे अडतात, हे मला दोन वाक्यांत सांगता येते का? मुलांच्या उत्तरांच्या चिठ्ठ्या चाळून कोणाला काय हवे आहे याचा अंदाज मला दहा मिनिटांत बांधता येतो का? चित्रफीत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवणे, मोबाइल प्रोजेक्टरला जोडणे, चार प्रश्नांची ऑनलाइन चाचणी तयार करणे ही कामे मी कोणाच्या मदतीशिवाय करू शकतो का? आणि वर्गातील एक गट वीस मिनिटे माझ्या आवाजाशिवाय काम करत असेल, तर मला ते सहन होईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर काळजी करण्याचे कारण नाही. ती कौशल्ये एखाद्या सहकाऱ्याकडून दोन दुपारींत शिकता येतात. खरा कस चौथ्या प्रश्नात लागतो. फळ्यापुढे उभे राहून समजावणे हीच आपल्या कामाची ओळख आहे असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, आणि मुले बोलत असताना, चुकत असताना, एकमेकांना चुकीचेही सांगत असताना मध्ये न पडणे फार जड जाते. त्याची सवय आधी उपकरणांशिवाय करावी. एका तासिकेत दोन गटांना कागदावरचा स्वाध्याय द्यावा, तिसऱ्या गटाबरोबर स्वतः बसावे आणि ठरवलेल्या वेळेपर्यंत उठू नये. हे जमू लागले की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

टाळेबंदीतील अनुभवाचे ओझेही येथेच बाजूला ठेवावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर जे झाले ते आणीबाणीतले दूरशिक्षण होते. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, ‘दीक्षा’ या शासकीय डिजिटल मंचावरील साहित्य घरोघरी पाठवले गेले, शिक्षक गल्लोगल्ली जाऊन मुलांना भेटले. त्या कष्टांचे मोल कमी नाही, पण त्या काळात समोरासमोरची बाजूच नव्हती. मिश्र अध्ययनात ती आहे, आणि तीच मुख्य आहे.

दुसरी पायरी : घराची आणि शाळेची खरी स्थिती जाणणे

‘असर २०२४’ या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचे सांगितले. तो वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केले असे सांगणारे सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमे वापरणारे सुमारे ७६ टक्के. स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी होते. घरात फोन असणे आणि मुलीच्या हाती तो अभ्यासाच्या वेळी असणे यांत केवढे अंतर आहे, ते या आकड्यांवरून समजते.

म्हणून वर्गाची माहिती कागदावर, नेमके प्रश्न विचारून गोळा करावी. फोन घरी किती वाजता येतो? रिचार्ज महिनाभर असतो की काही दिवस? रेंज घरात येते की रस्त्यावर जावे लागते? धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम संध्याकाळी कोणाकडे असते? बीड किंवा अहिल्यानगर भागातील शाळेत आणखी एक प्रश्न अटळ आहे, तो म्हणजे दिवाळीनंतर ऊसतोडीला कोणती कुटुंबे जाणार. ही उत्तरे सगळ्यांसमोर हात वर करायला सांगून घेऊ नयेत. फोन नसलेल्या मुलाच्या ते मनाला लागते.

शाळेची पाहणीही तितक्याच बारकाईने करावी. वर्गात चालू स्थितीतील किती प्लग आहेत, इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, टॅब ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर काय, वीजबिल कोणत्या निधीतून भरले जाते, हे सगळे आधी माहीत असावे. ज्या शाळेत टॅब वर्षभर कपाटात राहतात, तेथे कारण अनेकदा किल्लीचे किंवा बिलाचे असते, शिक्षकाच्या अनिच्छेचे नसते. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक असतात. बिलाचा आणि दुरुस्तीचा विषय समितीच्या बैठकीत सत्राच्या सुरुवातीलाच मांडावा.

या माहितीवरून एक नियम ठरवावा, आणि त्याला अपवाद करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वर्गातील एका जरी मुलाला घरी साधन मिळत नसेल, तर घटकातील नवा, पुढच्या तासिकेसाठी अत्यावश्यक असलेला भाग घरच्या पडद्यावर सोपवू नये. घरी फक्त उजळणी किंवा ऐच्छिक सराव द्यावा. नवे शिकणे शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनांवर व्हावे.

तिसरी पायरी : रचना निवडणे

मिश्र अध्ययनाच्या अनेक रचना प्रचलित आहेत, पण नवख्या शिक्षकाने दोनच विचारात घ्याव्यात. पहिली उलट वर्गाची. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील एका शाळेतील रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून मुलांना घरी पाहायला दिले आणि वर्गातील वेळ सरावासाठी मोकळा केला. ही रचना अकरावी-बारावीला किंवा अध्यापक विद्यालयात चांगली चालते. मात्र वरचा नियम पाळायचा तर जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य वर्गांत तिला वाव कमी आहे.

दुसरी रचना गटफिरतीची. वर्गाचे तीन गट होतात, तीन ठिकाणी तीन कामे मांडलेली असतात आणि ठरावीक वेळाने गट जागा बदलतात. एका ठिकाणी डिजिटल काम, दुसऱ्या ठिकाणी हाताने करण्याचे काम आणि तिसऱ्या ठिकाणी शिक्षक. पाच टॅब असले तरी पुरतात. दुशिक्षकी बहुवर्ग शाळेतील शिक्षकांना तर ही पद्धत नवी वाटणार नाही, कारण एका इयत्तेला काम देऊन दुसऱ्या इयत्तेकडे वळणे हे ते रोजच करतात. सुरुवात याच रचनेने करावी.

चौथी पायरी : एका घटकाची फोड

पूर्ण विषय किंवा पूर्ण सत्र हाती घेऊ नये. एकच घटक घ्यावा, आणि तोही मुले दरवर्षी जेथे अडखळतात असा. नववीच्या विज्ञानातील ‘धाराविद्युत’ हा घटक उदाहरणादाखल घेऊ, कारण फोड कशी करावी हे त्यावरून चांगले दिसते.

या घटकात बहुतेक मुलांच्या मनात एक पक्की गैरसमजूत असते. विद्युतधारा दिव्यात शिरते आणि तेथे थोडी खर्च होते, त्यामुळे दिव्याच्या पुढच्या तारेत ती कमी उरते, असे त्यांना वाटते. ओहमच्या नियमावरील उदाहरणे अचूक सोडवणारी मुलेही असेच मानतात, कारण उदाहरणे सोडवताना या समजुतीला धक्काच बसत नाही. एकसर जोडणीत, म्हणजे दिवे एकापुढे एक जोडलेले असताना, धारा सगळीकडे सारखीच असते आणि दिव्यात रूपांतर होते ते ऊर्जेचे, ही गोष्ट सांगून पटत नाही.

आता फोड करू. धारा मोजणारा अमीटर परिपथात वेगवेगळ्या जागी लावून पाहणे, दिवे वाढवणे, जोडणी बदलणे हे काम सिम्युलेशनवर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी प्रयोगावर, उत्तम होते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशने विनामूल्य आहेत, त्यांतील अनेकांचे मराठी अनुवाद झालेले आहेत आणि ती उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय चालतात. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून सरकणारे प्रभार डोळ्यांना दिसतात, जे प्रत्यक्ष तारेत कधीच दिसणार नाहीत. त्याच विद्यापीठातील २००५ च्या एका अभ्यासात, सिम्युलेशनवर सराव केलेल्या पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनी नंतर खऱ्या तारा आणि दिवे जोडण्याचे कामही, खऱ्या उपकरणांवर सराव केलेल्यांपेक्षा चांगले केले, असे दिसून आले होते.

तरीही खरे घट, दिवे आणि तारा बाजूला ठेवू नयेत. सिम्युलेशनच्या सर्वसाधारण मांडणीत समांतर जोडणीत दुसरा दिवा लावला तरी पहिल्याचा प्रकाश तसाच राहतो. टेबलावर साध्या शुष्क घटाने तीच जोडणी केली, तर पहिला दिवा किंचित मंदावल्याचे दिसू शकते, कारण खऱ्या घटाला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. पडद्यावरचे आणि टेबलावरचे निरीक्षण जुळत नाही, आणि हे का, असे मुले विचारतात. हा प्रश्न शिक्षकाने समोर बसूनच हाताळायचा आहे. म्हणजे फोड अशी झाली : जोडण्या बदलून भाकीत पडताळणे पडद्यावर, सैल जोडणी आणि उतरलेला घट यांच्याशी झगडणे टेबलावर, आणि ‘धारा खर्च होते का’ हा वाद शिक्षकाबरोबर. हे तीन रकाने पाठाच्या टाचणात सरळ मांडावेत. वेगळे नियोजनपत्रक तयार करण्याची गरज नाही.

पाचवी पायरी : साहित्य जमवणे

नवे साहित्य तयार करण्याच्या मागे लागण्यापूर्वी हाताशी असलेले पाहावे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या मंचावरील साहित्याकडे नेतात, आणि ‘दीक्षा’च्या ॲपमध्ये ते आधी उतरवून ठेवता येते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची ही वाट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात आधी चालून दाखवली, आणि त्यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. एका छोट्या शाळेतील शिक्षकाने आपल्या वर्गाच्या गरजेतून केलेले काम कोठपर्यंत जाऊ शकते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्यापाशी नाही.

निवडलेली चित्रफीत स्वतः शेवटपर्यंत पाहावी. तीत ‘रोध’ आणि ‘विभवांतर’ हे पाठ्यपुस्तकातील शब्द आहेत की ‘प्रतिरोध’सारखे हिंदी पर्याय आहेत, हे तपासावे, कारण दोन शब्द ऐकलेल्या मुलाला त्या दोन राशी वाटतात. सहा मिनिटांहून मोठी चित्रफीत शक्यतो घेऊ नये, किंवा तिचा हवा तेवढाच भाग दाखवावा. मनासारखे काही मिळाले नाही तर स्वतःच्या मोबाइलवर, वहीच्या पानावर आकृती काढताना बोलत चित्रण करावे. ओळखीचा आवाज मुले लक्ष देऊन ऐकतात. प्रत्येक डिजिटल कामाबरोबर कागदावर तीनच प्रश्नांचे कार्ड असावे, आणि त्यांतील पहिला प्रश्न ‘काय होईल असे वाटते’ असा, काम सुरू करण्यापूर्वी उत्तर लिहिण्याचा असावा.

सहावी पायरी : प्रत्यक्ष तासिका

३५ मिनिटांच्या एका तासिकेत गटफिरती आटोपत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एकदा जोडतास मिळवावा. ७० मिनिटांत सुरुवातीची ८ मिनिटे सूचनांना, १८ मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि शेवटची ८ मिनिटे सामूहिक चर्चेला, हे गणित बसते. ४५ मुलांच्या वर्गात १५ जणांचा एक गट होतो आणि पाच टॅब असतील तर तिघांत एक टॅब येतो. त्या तिघांत एकाने हाताळायचे, एकाने भाकीत आणि निरीक्षण लिहायचे, एकाने कार्ड वाचून प्रश्न विचारायचे, आणि ही कामे मध्येच बदलायची. असे वाटून दिले नाही, तर टॅब वर्गातील धीट मुलाच्या हातात राहतो आणि मुली बहुधा मागे बसतात.

गट हुशार, मध्यम, कच्चे असे कायमचे पाडू नयेत. पहिल्या वेळी मिश्र गट करावेत आणि पुढच्या वेळी, तासिकेच्या शेवटी घेतलेल्या उत्तरांच्या चिठ्ठ्यांतून जे कळेल त्यावरून ते बदलावेत. वीज गेली तर तेच काम कागदावर करता येईल अशी अमीटरच्या वाचनांची तक्ता-चित्रे आधीच छापून ठेवावीत. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत हा पर्याय नसलेले नियोजन अपुरेच म्हणावे लागेल. पहिल्या तासिकेला गोंगाट होईल, फेरी बदलताना वेळ जाईल, एखादा टॅब सुरूच होणार नाही. त्यावरून पद्धतीविषयी निर्णय करू नये. मुलांना शिस्त बसायला तीन-चार जोडतास लागतात.

सातवी पायरी : चिठ्ठ्या वाचून पुढची तासिका ठरवणे

गुंफणीचा खरा धागा येथे आहे. तासिका संपताना प्रत्येक मुलाने एका प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यावे, जसे, ‘दोन दिव्यांच्या मधल्या तारेत धारा पहिल्या दिव्याच्या आधीपेक्षा कमी असेल का? कारण लिहा.’ चिठ्ठ्यांचे तीन ढीग करावेत : कारणासह बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चुकीचे किंवा अपुरे, आणि गैरसमजूत कायम. दुसऱ्या ढिगाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण ऑनलाइन चाचणीत ही मुले पूर्ण गुण मिळवतात आणि आपल्या नजरेतून निसटतात. पुढच्या तासिकेला शिक्षकाबरोबरचा पहिला गट याच मुलांचा असावा. हे ढीग आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींतही उपयोगी पडतात, त्यामुळे कामाचा बोजा दुप्पट होत नाही.

डिजिटल मंचावरील पूर्ण झालेल्या चित्रफितींची संख्या किंवा बॅज यांना शिकण्याचा पुरावा मानू नये.

आठवी पायरी : मुलांची जपणूक

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० मधील ‘प्रग्याता’ मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीला चार सत्रे, अशी मर्यादा सुचवलेली आहे. शाळेतला पडदा आणि घरचा पडदा यांची बेरीज करून ती पाळावी. नवे ॲप वापरण्यापूर्वी ते मुलांची कोणती माहिती मागते हे पाहावे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ज्या साधनात नोंदणी न करता काम होते, तेच पहिल्या वर्षी निवडावे. मुलांची छायाचित्रे आणि गुण व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत.

नववी पायरी : सहकारी आणि शाळा

एकट्या शिक्षकाची सज्जता फार काळ टिकत नाही. राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. ‘निष्ठा’सारखे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यासाठी उपलब्ध आहेत, पण अभ्यासक्रम पाहून वर्ग बदलत नाही. त्याच इयत्तेला किंवा त्याच विषयाला शिकवणारा एक सहकारी सोबत घ्यावा आणि एकमेकांच्या जोडतासाला मागे बसावे. मागे बसणाऱ्याने शिक्षकाकडे न पाहता एकाच गटाकडे पाहावे आणि त्या गटात कोण बोलले, कोण गप्प राहिले, टॅब कोणाच्या हातात होता, एवढेच टिपावे. मुख्याध्यापकांकडून जोडतास आणि कपाटाची किल्ली या दोन गोष्टी आधी मागाव्यात, नवी उपकरणे नंतर.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या कामाविषयी बोलण्याची संधी मिळाली, तर सादरीकरणाऐवजी चिठ्ठ्यांचे तीन ढीग आणि त्यांवरून बदललेले टाचण घेऊन जावे, आणि इतर शाळांतील शिक्षकांना ते ढीग पुन्हा लावायला सांगावेत. दुसरा घटक निवडताना पहिल्याच्या नोंदी उघडून ठेवाव्यात. एका सत्रात दोन घटक नीट झाले की दुसऱ्या सत्रात आणखी दोन घ्यावेत, आणि गणितातील किंवा भाषेतील सहकाऱ्याला त्यांच्या विषयातील एका अडखळण्याच्या जागेपासून सुरुवात करायला सुचवावे.